कधीतरीचा सिगार

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. गर्भनिरोधक गोळ्या मागताना बाईचा आवाज खाली येतो, याची आम्हा दुकानदारांना सवय झालेली असते. पाकीट कागदात गुंडाळून देण्याची रीत त्यातूनच पडली असावी. पण त्याच बाईला तंबाखूविषयी काही विचारले, तर खाली आलेला तो आवाज पुरताच बंद होतो. बहुतेक वेळा हा प्रश्न कुणी विचारतही नाही. दवाखान्यातल्या केसपेपरवर ‘व्यसन’ या रकान्यात पुरुषाला विचारून लिहितात आणि बाईच्या नावापुढे न विचारताच ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात. सभ्य घरातली बाई धूर ओढत नसणार, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेले आहे, आणि त्या ठरावाची किंमत कुणाला मोजावी लागते याचा विचार मी अलीकडे पुष्कळ केला आहे.

निमित्त झाले माझ्या नणंदेच्या मुलीचे. ती मुंबईला बँकेत नोकरी करते, वय ३६, आणि नवरा बोटीवर असतो. किनारपट्टीवर मर्चंट नेव्हीतले जावई गावोगाव आहेत. सहा-सहा महिने समुद्रावर आणि मग दोन-तीन महिने घरी, असे त्यांचे संसार चालतात. हा जावई येताना परदेशी बंदरातून सिगारचा एक चपटा लाकडी डबा आणतो. गौरी-गणपती पोचवून झाले आणि मोठी माणसे झोपली की मागच्या पडवीत हा डबा उघडतो. त्यात जावई, दीर, चुलतभाऊ असतात, आणि गेली काही वर्षे आमची ही भाचीही असते. माजघरात आम्हा सगळ्यांना ते ठाऊक असते. कुणी बोलत नाही. तिची आजी तेवढी दुसऱ्या दिवशी सकाळी पडवी जरा जास्त पाणी घालून धुऊन घेते.

यंदा विसर्जनानंतरच्या सकाळी आम्ही दोघी नैवेद्याची पितळी भांडी पुसत बसलो होतो, तेव्हा तिने मान वर न करता विचारले, “मामी, तू दुकानातली म्हणून तुलाच विचारते हो. सिगार मी आत ओढत नाही, नुसता धूर तोंडात घेते आणि सोडते. तोही वर्षातून चार-दोनदा, हा घरी असला की. गोळ्या चालू असताना एवढं चालतं ना?”

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात मिळेल अशी तिची अपेक्षा होती. ते तसे देता येईना, कारण या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या: गोळीत काय आहे, सिगारमधून काय शरीरात जाते आणि ‘कधीतरी’ म्हणजे नेमके केव्हा.

गोळीपासून सुरुवात करते. आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेली माला-डी घ्या. तिच्या पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल असते, आणि उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या असतात. यातले पहिले हार्मोन प्रोजेस्टिन जातीचे आणि दुसरे इस्ट्रोजेन. अशा दोन द्रव्यांच्या गोळीला संयुक्त गोळी म्हणतात. पीसीओडीसाठी, म्हणजे बीजकोशाच्या विकारासाठी, लिहून दिल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्याही बहुतेक याच जातीच्या असतात, फक्त त्यांतले प्रोजेस्टिन वेगळे असते. धुराशी ज्याचे पटत नाही ते यातले इस्ट्रोजेन. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाते, आणि रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिने यकृतच तयार करते; इस्ट्रोजेनमुळे त्यांचे प्रमाण वाढते, आणि गोठण्याला आवर घालणारी अँटिथ्रोम्बिन, प्रोटीन एस यांसारखी द्रव्ये थोडी कमी होतात. रक्ताचा कल त्यामुळे गुठळीकडे किंचित झुकतो. दुधात विरजण थोडे जास्त पडले म्हणून दही लागतेच असे नाही, त्याला ऊब आणि वेळही जुळून यावी लागते. तसेच हे आहे, आणि म्हणूनच गोळी घेणाऱ्या बहुसंख्य बायकांना आयुष्यभर काहीही होत नाही.

हे कळायलाही काही वर्षे गेली होती. अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून पहिल्या गोळीला १९६० साली मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका डॉक्टरांनी, गोळी घेणाऱ्या एका रुग्ण स्त्रीच्या फुफ्फुसात गुठळी झाल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळवले. त्या काळच्या गोळ्यांत इस्ट्रोजेनची मात्रा आजच्या कित्येक पट होती. १९६९ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने कमी मात्रेच्या गोळ्या वापरण्याचा सल्ला दिला, १९७० मध्ये अमेरिकी सिनेटपुढे या गोळीवर जाहीर सुनावण्या झाल्या, आणि पाकिटात माहितीचा कागद घालण्याची सक्ती त्यातून आली. तो बारीक अक्षरातला, घडी पुन्हा जशीच्या तशी घालता न येणारा कागद आपण पाकीट उघडताच फेकून देतो. अमेरिकेत संयुक्त गोळीबरोबर येणाऱ्या माहितीत चौकटीतला पहिला इशारा धूम्रपानाचा असतो: धूम्रपानाने हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर विकारांचा धोका वाढतो, तो वयाबरोबर, विशेषतः ३५ नंतर, आणि ओढण्याच्या प्रमाणाबरोबर वाढत जातो.

इथे एक बारकावा आहे, आणि तो न समजल्याने पुष्कळ गोंधळ होतो. गुठळी दोन ठिकाणी होऊ शकते. एक शिरेत, म्हणजे बहुधा पोटरीत किंवा मांडीत, जिथून तिचा तुकडा निघून फुफ्फुसात जाऊ शकतो. दुसरी धमनीत, जिच्यामुळे हृदयविकाराचा झटका किंवा मेंदूचा पक्षाघात होतो. शिरेतली गुठळी हा मुख्यतः इस्ट्रोजेनचा प्रताप. तंबाखूची त्यात भर असते, पण थोडी. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण १ ते ५ जणींना अशी गुठळी होते, संयुक्त गोळी घेणाऱ्यांमध्ये ३ ते ९ जणींना, गरोदरपणात ५ ते २० जणींना आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत तर हे प्रमाण ४० ते ६५ इतके वर जाते. गोळीच्या नावाने घाबरवणाऱ्यांनी हे शेवटचे आकडे आधी वाचावेत. गोळी बंद करून नकोसे गरोदरपण ओढवून घेणे हा गुठळीपासून वाचण्याचा मार्ग नव्हे.

धमनीतल्या गुठळीचे गणित वेगळे आहे. तिथे तंबाखू मुख्य आरोपी असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, निकोटीनने नाडी व रक्तदाब वाढतो, बिंबिका (प्लेटलेट) चिकट होतात, आणि रक्तवाहिनीचे आतले गुळगुळीत अस्तर बिघडते. यांतले काही परिणाम व्हायला वर्षे लागत नाहीत. दुसऱ्याच्या धुरात अर्धा तास बसलेल्या, स्वतः न ओढणाऱ्या निरोगी माणसांतही अस्तराच्या कामात फरक पडलेला मोजता आला आहे. तरुण बाईच्या धमन्या मुळात इतक्या धडधाकट असतात की तिचा धोका कितीही पटींनी वाढला तरी आकडा लहानच राहतो. पस्तिशीनंतर मूळ आकडाच वाढू लागतो आणि मग त्याच्या पटी भारी पडतात. ३५ व्या वाढदिवसाच्या रात्री शरीरात काही बदलते असे मुळीच नाही. कुठेतरी रेघ ओढायची म्हणून ती तिथे ओढली आहे.

आता सिगार. भाचीचा सगळा भरवसा ‘आत ओढत नाही’ या तीन शब्दांवर होता, आणि हा भरवसा तिचा एकटीचा नव्हे. सिगार ओढणारे बहुतेक लोक असेच सांगतात. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटीन तोंडातून फारसे शोषले जात नाही आणि तो छातीत भरून घ्यावा लागतो. सिगारची पाने आंबवून मुरवलेली असतात, त्याचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातले निकोटीन गालाच्या व जिभेच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. धूर आत न घेताच निकोटीन मिळते, म्हणूनच तर आत न ओढता समाधान होते. शिवाय सिगारेटमध्ये एक ग्रॅमहूनही कमी तंबाखू असतो, तर सिगारमध्ये १ पासून २० ग्रॅमपर्यंत. एखाद्या जाड सिगारमध्ये सिगारेटच्या पूर्ण पाकिटाइतका तंबाखू भरलेला असू शकतो. तो जळायलाही तास-दीड तास लागतो, आणि पडवीत गप्पा मारत बसलेल्या माणसांच्या नाकातोंडात इतरांच्या सिगारचा धूर त्या वेळात जातच राहतो. एक सिगार म्हणजे वीस सिगारेटी असे गणित मांडणे अर्थातच चूक आहे, कारण छातीत न घेतलेल्या धुरातला बराच भाग फुफ्फुसापर्यंत पोचत नाही. पण त्याचे शून्य मांडणे ही त्याहून मोठी चूक.

‘थोडेसे’ म्हणजे किती थोडे, याचेही आपले अंदाज फसवे असतात. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार रोज २० सिगारेटी ओढणाऱ्या स्त्रीला हृदयधमनीविकाराची शक्यता न ओढणारीच्या २.८४ पट असते, आणि रोज एकच ओढणारीला १.५७ पट. विसाव्या हिश्शाच्या तंबाखूने धोक्यातली वाढ विसाव्या हिश्शाची व्हायला हवी होती. ती जवळजवळ एक तृतीयांश निघाली. हे आकडे रोज ओढणाऱ्यांचे आहेत आणि वर्षातून चार-दोनदा ओढणारीला ते जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होईल. तेवढ्यातून एक कळते की तंबाखूच्या बाबतीत खालच्या पायऱ्या वाटतात तितक्या खाली नसतात.

डॉक्टर यासाठी जो तक्ता वापरतात तो जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. त्यात प्रत्येक साधनाला आणि प्रत्येक परिस्थितीला १ ते ४ असा क्रमांक दिलेला असतो. १ म्हणजे बिनधास्त वापरा, ४ म्हणजे वापरूच नका. संयुक्त गोळीपुढे धूम्रपानाच्या तीन ओळी आहेत: वय ३५ च्या आत असेल तर २, पस्तिशी गाठलेली आणि रोज १५ हून कमी सिगारेटी असतील तर ३, पस्तिशी गाठलेली आणि १५ किंवा अधिक असतील तर ४. मोजमाप सगळे सिगारेटींचे. त्यात सिगारची ओळ नाही, चिरुटाची नाही, विडीची नाही आणि आमच्याकडच्या मशेरीची तर नाहीच नाही. मग भाचीसारख्या बाईला कुठे बसवायचे? मी तिला दुसऱ्या ओळीत बसवीन. क्रमांक ३ चा अर्थ असा की दुसरे कुठलेही साधन चालत असेल तर ही गोळी घेऊ नये. आणि दुसरी साधने आहेत, त्यांच्याकडे पुढे येतेच.

मशेरीचा उल्लेख ओघात आला म्हणून एक सांगावेसे वाटते. तव्यावर तंबाखू काळा होईस्तो भाजून केलेली ती भुकटी आमच्या भागातल्या कित्येक बायका रोज सकाळी दातांना लावतात, त्यांतल्या काही आशाताईंकडून माला-एनची (माला-डीसारख्याच, पण सरकारकडून फुकट मिळणाऱ्या गोळ्यांची) पाकिटेही नेतात, आणि त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही. धूर नसल्यामुळे तिचे गणित सिगारेटसारखे नाही, तरी निकोटीन तेच आहे आणि धूरविरहित तंबाखूचा जीवघेण्या हृदयविकाराशी व पक्षाघाताशी संबंध आढळलेला आहे. गावातल्या बाईची मशेरी ‘दात घासणे’ ठरते आणि मुंबईच्या सुनेचा सिगार ‘थेरं’ ठरतो. दोन्हींत नेमके काय घडते ते विचारायचे राहून जाते.

भांडी पुसून झाली होती तरी आमचे बोलणे संपले नव्हते. मी तिला विचारले, गोळ्या तू वर्षभर घेतेस का? तिने फार शहाणपणाची गोष्ट सांगावी तसे सांगितले, “छे गं, हा बोटीवर असताना कशाला उगाच हार्मोन्स पोटात घालायचे? हा यायच्या आधी पाळीला सुरू करते, गेला की बंद.” किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हीच पद्धत आहे. बोटीवरच्यांच्या, आखातात नोकरीला असलेल्यांच्या बायका दुकानात येतात तेव्हा पाकिटांच्या मागणीवरूनच नवरा घरी आल्याचे मला कळते. दिसायला ही काटकसर अगदी बिनचूक आहे. पण संयुक्त गोळीने शिरेत गुठळी होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. पुढे ती बरीच उतरते. आणि चार आठवडे किंवा त्याहून अधिक खंड पडून गोळी पुन्हा सुरू केली, की तो चढा काळही पुन्हा सुरू होतो. म्हणजे वर्षातून दोनदा सुरू आणि दोनदा बंद करणारी बाई कमी हार्मोन्स घेते खरी, पण दर वेळी नेमक्या त्या पहिल्या, जास्त जोखमीच्या महिन्यांतून जाते.

मग मी मनातल्या मनात तिचे ते आठवडे मांडू लागले. नवरा आला म्हणून गोळी नव्याने सुरू झाली. नवरा आला म्हणून सिगारचा डबाही आला. गणपती म्हणून मुंबईहून रात्रीच्या गाडीने गावी येणे झाले. माणगावच्या आसपास गाड्यांची रांग लागली की मुंबई-गोवा महामार्गावर आठ तासांचे बारा-चौदा तास सहज होतात, आणि वाटेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून आमच्या बायका निघण्याच्या आधीपासूनच पाणी पिणे बंद करतात. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले आहे. ते विमानापुरते नाही, बस, रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे. यांतली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर लहान आहे. शिरेचा धोका वेगळा आणि धमनीचा वेगळा, हेही मी वर म्हटलेच आहे. तरीसुद्धा ‘कधीतरी’ हा हिशेब वर्षाच्या सरासरीने केला जातो आणि शरीराला सरासरी कळत नाही. तिची सगळी ‘कधीतरी’ त्याच पंधरवड्यात एकमेकांना येऊन भेटतात.

गणपतीतच आणखी एक भर पडते. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा आमच्याकडे खरा हंगाम श्रावण-भाद्रपद. सोवळ्याचा घोळ नको म्हणून बायका पाच मिलिग्रॅमच्या नॉरेथिस्टेरॉनच्या गोळ्या दिवसाला तीन अशा घेतात, आणि पुष्कळदा जाऊबाईने दिलेल्या पट्टीतून परस्परच घेतात. हे द्रव्य प्रोजेस्टिन असले तरी एवढ्या मात्रेत घेतल्यावर त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो. ज्यांना इस्ट्रोजेन वर्ज्य आहे त्यांना ही गोळीही जपूनच द्यायला हवी. गंमत अशी की जी बाई आधीच संयुक्त गोळी घेत आहे तिला याची गरजच नसते. लोहाच्या सात गोळ्या सोडून लगेच पुढचे पाकीट सुरू केले की त्या महिन्याची पाळी आपोआप लांबते. दोन्ही गोळ्या एकदम घेणाऱ्या बायका मला दरवर्षी भेटतात. (देवाला यातले काय चालते आणि काय चालत नाही, हा विषय मी दुकानात काढत नाही. घरी काढते.)

एवढे सगळे झाल्यावर भाचीने सहज सांगितले की कामाचा ताण वाढला की तिचे डोके दुखते. मी विचारले, दुखण्याआधी काही होते का? ती म्हणाली, हो, डोळ्यांसमोर आधी चमकणारी नागमोडी रेघ येते, ती हळूहळू पसरते, वीसेक मिनिटे संगणकावरची अक्षरे अर्धी गायब होतात, आणि मग अर्धे डोके ठणकू लागते. हे मुंबईत गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगितले होते का? “त्यांनी डोकेदुखीचं विचारलंच नाही. आणि मी पित्त समजत होते.”

डोकेदुखीआधी दृष्टीत असे बदल होणाऱ्या अर्धशिशीला ऑरासहित मायग्रेन म्हणतात. त्या तक्त्यात तिच्यापुढे संयुक्त गोळीचा क्रमांक ४ आहे, वय कितीही असो आणि बाई ओढत असो वा नसो, कारण अशा मायग्रेनमध्ये मेंदूच्या पक्षाघाताची शक्यता मुळातच जास्त असते, इस्ट्रोजेनने ती आणखी वाढते आणि धुराने आणखी. रक्तदाबाचेही तसेच: वरचा १६० किंवा खालचा १०० गाठला की क्रमांक ४, १४० ते १५९ किंवा ९० ते ९९ असेल तर ३. आणि रक्तदाब न मोजता गोळ्यांचे पाकीट वर्षानुवर्षे घेत राहणाऱ्या बायका आमच्या तालुक्यात कमी नाहीत. भाची विचारायला आली होती सिगारचे, आणि तिच्या बाबतीत सिगारहून मोठी गोष्ट त्या नागमोडी रेघेत होती. सिगारविषयी विचारायचा धीर तिने केला नसता तर ती रेघ पित्ताच्या खात्यावरच राहिली असती. धूर ओढल्याचे सांगण्याची लाज बाकीचेही किती झाकून ठेवते, हे मला तेव्हा जाणवले.

मी तिला त्या दिवशी पाकीट अर्ध्यावर सोड असे सांगितले नाही. निरोध वापरायला लाग आणि आजच्या आज तुझ्या डॉक्टरांना फोन करून रेघेचे आणि सिगारचे दोन्ही सांग, एवढेच सांगितले. डॉक्टरांनी फोनवरच गोळी थांबवायला सांगितली. पर्याय पुष्कळ असतात. नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन किंवा हार्मोन असलेली गर्भाशयातली तांबी, यांना धूम्रपानाच्या ओळीत क्रमांक १ आहे. साध्या कॉपर-टीत तर हार्मोनच नसते आणि ३८० ए जातीची एक तांबी दहा वर्षे चालते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, १९९१ मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आलेली आणि आता सरकारी केंद्रांत ‘छाया’ म्हणून फुकट मिळणारी सेंटक्रोमनची गोळीही इस्ट्रोजेनची नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची असते. संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीत नुसते लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. आणि हो, ज्या जावयाला मुले झाली आहेत आणि आणखी नको आहेत, त्याची बिनटाक्याची नसबंदी अर्ध्या तासात होते व त्याच दिवशी घरी जाता येते. घराघरांत हा पर्याय यादीत सर्वांत शेवटी का येतो, हे मी त्या लाकडी डब्याच्या मालकालाच विचारले. तो हसला आणि विषय बदलला.

धोक्याची लक्षणे तिला लिहूनच दिली, कारण आमच्या भागात वेळेला वेगळी किंमत आहे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक दम लागणे किंवा छातीत कळ येणे, पूर्वी कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, एका डोळ्याचे दिसेनासे होणे. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन लागतो. खाडीपलीकडच्या वाडीतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, आणि जमले नाही तर कुंभार्ली किंवा आंबा घाट चढून कराड-कोल्हापूरला, सिंधुदुर्गातून असेल तर गोव्यात बांबोळीच्या इस्पितळाला, या प्रवासात साडेचार तास कसे जातात ते इथल्या प्रत्येक कुटुंबाला माहीत आहे. म्हणून हातपाय चोळत, साखरपाणी देत बसू नये, लगेच १०८ ला फोन करावा.

भाचीने पुढे मुंबईला जाऊन कॉपर-टी बसवून घेतली. दिवाळीच्या तोंडावर तिचा संदेश आला की आता गोळी नाही, इस्ट्रोजेन नाही, मग आता तरी सिगारला हरकत नाही ना? मी तिला लिहिले की गोळीची भर गेली, हे खरे. ऑरा असलेल्या मायग्रेनचा स्वतःचा धोका मात्र राहिला आहे आणि धूर त्यात भर घालतो. आत न ओढलेला धूरही तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण होतो, आणि तिथे तांबीचा काही उपयोग नाही. शेवटी एवढेच लिहिले की ओढायचाच असला तर ते तुझे तू ठरव, पण पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरांनी ‘व्यसन’ या रकान्यात न विचारता ‘नाही’ लिहिले, तर त्यांना थांबवून ‘कधीतरी सिगार’ असे लिहायला लाव, आणि त्याखालच्या ओळीत मायग्रेन.